बासरीनंतरचा सांगावा

बासरी वाजून संपली आणि पुण्याच्या त्या मुलीनं आनंदा ढेबेला मारून टाकलं.

तिचा काही दोष नव्हता. समोर जे लिहून आलं ते तिनं गोड आवाजात वाचलं. चिंचघळच्या तान्हूबाई ढेबे यांच्यासाठी आजचा सांगावा, मुलगा आनंदा याची तब्येत बरी नाही, आईनं लगेच निघून यावं. त्यापाठोपाठ फरसाणाची जाहिरात लागली. मी आमच्या रेडिओ स्टेशनच्या पायरीवर सकाळचा चहा घेत बसले होते. चहा साडीवर सांडला तेव्हा कळलं, की मी उभी राहिलेय.

आतून मुलाणी बाहेर आला. गफूर मुलाणी म्हणजे आमचा तंत्रज्ञ. स्टेशन जन्माला आलं तेव्हापासून ट्रान्समीटर त्याच्याच हाताखाली. त्यानंही ऐकलं होतं.

"ताई, पोरगं जित्तं हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"काल संध्याकाळी तरी होतं," मी म्हटलं.

एका साध्या सांगाव्यानं माणूस कसा मरतो, हे कळायचं तर आमच्या स्टेशनची कुंडली मांडायला हवी. ती मी आजवर इतक्यांना सांगितली आहे, की आता सांगताना माझाच मला कंटाळा येतो. तरी सांगते.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. गावामागं नेर नदीचं खोरं. तिथं तेव्हा फोनला रेंज नव्हती आणि एसटी दिवसातून एकदा जायची, एकदा यायची. खोऱ्यातल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईला हमालीत नाहीतर गिरणीत. गावातल्या शिक्षणसंस्थेनं रेडिओ काढला तेव्हा चालवायला कुणाला बसवावं, असा प्रश्न पडला आणि त्यांनी बोधेअण्णांना बसवलं. अण्णा एसटी स्टँडवरून निवृत्त झालेले. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे भोंग्यावरून सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. लोकांना गाण्यांपेक्षा आधी निरोप हवा असतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी रोज सकाळी 'सांगावा' सुरू केला आणि वाचायला मला घेतलं. मी हेमलता पिसाळ. पण खोऱ्यात मला त्या नावानं कुणी ओळखत नाही, तिथं मी हेमाताय.

काय काय वाचायची मी. पाहुणे रविवारी मुलगी बघायला येतायत, घर सारवून ठेवा. थोरल्यानं पाठवलेली शिलाई मशीन आजच्या एसटीच्या टपावर आहे, उतरवून घ्यायला दोन माणसं पाठवा. अमक्याची सून बाळंत झाली, मुलगी आहे, दोघी सुखरूप. कुणी आजारी असलं तर तेही वाचायची, कुठल्या दवाखान्यात, काय झालंय, सोबत कोण आहे, सगळं खुलाशानं.

आणि मग एकदा मी एक मरण वाचलं. जसं कागदावर होतं तसंच, नावागावासकट. ज्या बाईचा नवरा गेला होता ती घरात एकटी होती, भाकरी थापत होती, आणि रेडिओ तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता. दुसऱ्या दिवशी त्या वाडीतले दोन म्हातारे स्टेशनवर आले. भांडले नाहीत. चहा घेतला, आमच्या मशिनी बघितल्या आणि रामराम करून गेले. ते गेल्यावर अण्णांनी तो सांगाव्याचा कागद पुन्हा एकदा वाचून काढला. मग त्यांनी नियम घालून दिला. मेला असं आपण म्हणायचं नाही. बरं नाही म्हणायचं, निघून या म्हणायचं, आणि तो सांगावा सगळ्यात शेवटी, बासरी वाजून गेल्यावर वाचायचा. तोवर लोकांची न्याहारी झालेली असते. शेजारीपाजारी ऐकतात आणि आधी ते त्या घरी जाऊन बसतात.

बासरी म्हणजे कार्यक्रम संपल्याची खूण. अण्णांच्या मेहुण्यानं वाजवलेली, मध्ये एक सूर घसरलेला. हळूहळू सगळ्या खोऱ्याला कळलं, की बासरीआधी आलं ते आजारपण आणि बासरीनंतर आलं ते मरण. आम्ही हे कधी जाहीर केलं नाही, करण्याची गरजही पडली नाही. बासरी संपली की बायका हातातलं काम थांबवून कान द्यायच्या. पुढं काही आलं नाही, की सुटल्यासारखा श्वास टाकून कामाला लागायच्या. आलंच, तर त्या वाडीतले रेडिओ एकामागून एक बंद व्हायचे. मयताच्या घरी रेडिओ वाजत नाही, आणि वाडीत एकाचं मयत ते सगळ्यांचं. मग चार माणसं बांबू आणि मडकं घेऊन फाट्यावर जाऊन बसायची. कारण मुंबईचा मेलेला माणूस गाडीतून फाट्यावरच यायचा.

पुढं संस्थेचं दिवाळं वाजलं आणि स्टेशन दूध संघाच्या आप्पासाहेबांनी घेतलं. अण्णा घरी बसले, दोन वर्षांत गेले. आप्पासाहेबांच्या राज्यात भिंतींना पिवळा रंग आला आणि दिवसभर वाढदिवस सुरू झाले. सांगावा मात्र त्यांनी हलवला नाही. खोऱ्यात मतं होती. मग आप्पासाहेब निवडणूक हरले आणि स्टेशन पुण्याच्या एका कंपनीला विकून मोकळे झाले. भिंती जांभळ्या झाल्या. दिवसभर गाणी, तीही पुण्याहून वाजणारी, आणि मध्ये बडबडणारी मुलं तिकडेच बसलेली. आमच्याकडे राहिले मुलाणी, मी आणि पुण्याहून आलेला एक मॅनेजर. माझा आवाज नव्या धोरणात बसत नाही, असं मला अतिशय सभ्य शब्दांत सांगण्यात आलं. मी गावातल्या दुकानांच्या जाहिराती लिहू लागले. उंटावरून शेळ्या हाकणं कसं असतं ते रोज बघत होते. वाईट वाटण्याचे दिवस सरले होते, नुसता थकवा राहिला होता.

कंपनीनं सांगावा बंद केला नाही, हे त्यातल्या त्यात नशीब म्हणायचं. त्यांनी तो छोटा केला. रोज एकच सांगावा, फरसाणवाल्याच्या सौजन्यानं. आणि त्यांना ती बासरी भारी आवडली. त्या घसरलेल्या सुरात मातीचा वास आहे म्हणे. म्हणून ती त्यांनी शेवटी होती ती उचलून सुरुवातीला लावली. आधी बासरी, मग सांगावा.

नव्या मांडणीचा कागद आला त्याच दिवशी मी मॅनेजरला सगळं समजावून सांगितलं होतं. ऋत्विक नाव त्याचं, माझ्या धाकट्याच्या वयाचा. त्यानं लक्ष देऊन ऐकलं, माझ्यादेखत पुण्याला कळवलं. तिकडून उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र आलं, आणि पहिला आठवडाभर कुणाची म्हैस हरवली, कुणाचं बारसं, असलेच सांगावे लागले. मला वाटलं, निभावतंय.

मग आदल्या संध्याकाळी किसन ढेबे आला. त्याचा चुलतभाऊ आनंदा मुंबईहून गावी निघाला होता आणि आमच्या स्टँडवर उतरून पोट धरून खाली बसला होता. गावातल्याच दवाखान्यात नेलं. आतडं फुटायच्या बेतात आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आनंदा म्हणतो, आई आल्याबिगर टेबलावर जाणार नाही. त्याचा बाप मुंबईत असाच टेबलावर गेला होता, जवळ घरचं कुणी नसताना. किसननं त्याला हात जोडले, डॉक्टरांनी दम दिला, पण पालथ्या घड्यावर पाणी. उद्या दुपारच्या पुढं मी जबाबदार नाही, असं सांगून डॉक्टर निघून गेले होते. मी सांगावा लिहिला तो मला अजून पाठ आहे. आनंदाचं पोटाचं ऑपरेशन आहे, तो बोलतो-चालतो आहे, आई हवी म्हणून हट्टाला बसलाय, तान्हूबाईंनी सकाळच्या एसटीनं यावं. पुण्यात कुणीतरी त्यातलं ऑपरेशन काढलं, कारण फरसाणाच्या आधी पोट नको. मग वाक्य लांबतंय म्हणून बोलणं-चालणंही काढलं. उरलं ते शब्दाशब्दानं आमच्या मरणाच्या सांगाव्यासारखं, आणि ते बासरीनंतर वाजलं.

ऋत्विक स्टेशनच्या मागच्याच खोलीत राहायचा. मी गेले तेव्हा तो दाढी करत होता. मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा अर्ध्या फेसात तसाच राहिला. त्यानं पुण्याला फोन लावला, मग आणखी एकाला लावला. तिकडून जे म्हणाले ते मला ऐकू येत होतं. दुरुस्ती उद्याच्या सांगाव्यात घेता येईल, आज जागा नाही, आणि स्थानिक माइक उघडायला वरून लेखी लागतं.

"ताई, मला खरंच परवानगीशिवाय लिंक तोडता येत नाही," तो म्हणाला. मग टॉवेलनं तोंड पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी आंघोळीला जातोय. मला वेळ लागतो आंघोळीला."

भला पोरगा. त्याची पुढं बदली झाली तेव्हा मी रडले होते.

मुलाणीनं पुण्याची वायर काढली आणि आमची लावली. गाणं अर्ध्यात तुटलं. कित्येक महिन्यांनी मी त्या खुर्चीत बसले आणि बोलले. चिंचघळच्या तान्हूबाई ढेबे, मी हेमाताय बोलतेय. आनंदा जिवंत आहे. त्याचं पोटाचं ऑपरेशन आहे, तो तुमची वाट बघतोय, मिळेल त्या गाडीनं या. तीनदा सांगितलं. सांगताना माझा आवाज असा मोकळा लागला, की मला लाज वाटावी इतका आनंद झाला. बाहेर आले तेव्हा मी घामानं भिजले होते आणि हसत होते.

मुलाणी हसत नव्हता. त्यानं पुण्याची वायर परत जोडली आणि म्हणाला, "ऐकलं कुनी, ताई? चिंचघळात आता एक तरी रेडिओ चालू आसंल का?"

इतकी वर्षं ज्यांना आम्ही रेडिओ बंद करायला शिकवलं, त्यांना मी रेडिओवरून हाक मारत होते.

सकाळची एसटी तर केव्हाच सुटली असणार होती, आणि तान्हूबाई तीत नसणार होती. आजाऱ्याकडे माणूस धावत जातो. मेलेल्याची वाट बघतात.

मुलाणीचा मेहुणा वडापची जीप चालवायचा. दहा माणसांच्या जागी वीस कोंबून खोऱ्याच्या तोंडापर्यंत जाणारी. मुलाणीनं ती मागून आणली आणि स्वतः चालवायला बसला. ऋत्विकला आम्ही काही सांगितलं नाही, तो अजून आंघोळच करत होता. वाटेत दवाखान्याशी थांबून किसनला गाठलं. आनंदाला ताप चढला होता आणि डॉक्टर पुन्हा येऊन ओरडून गेले होते. मी किसनचा नंबर घेतला, फोन हातातच ठेव म्हणून बजावलं आणि आम्ही निघालो.

चिंचघळ फाट्यावर पत्र्याची एक शेड आहे. जीप वळणावर आली तशी ती शेड दिसली. सगळी वाडी बसली होती. बाजूला हिरवे बांबू, पेंढा, नवं मडकं, शेणाच्या गोवऱ्या. पुरुष उकिडवे बसलेले, कुणी तंबाखूसुद्धा मळत नव्हतं. बायकांच्या घोळक्यात मध्ये एक काटकुळी म्हातारी पदर पुढं ओढून बसली होती. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही.

भावकीतला बजाबा म्हणून एक म्हातारा पुढं आला. त्यानं आमच्या जीपमागं, रिकाम्या रस्त्याकडं बघितलं.

"मागनं गाडी येतीया?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं, की गाडी नाही, गाडी येणारच नाही, आनंदा जिवंत आहे, ऑपरेशनसाठी आईची वाट बघतोय, आणि हा सगळा आमच्या नव्या मालकांचा घोळ आहे. शेवटची बासरी सुरुवातीला गेली, तेही सांगितलं. एका दमात सांगितलं. मला वाटलं होतं, कुणी ओरडेल, कुणी रडेल, कुणी मला चार शिव्या तरी देईल.

त्यातलं काहीच झालं नाही. बजाबानं हळू मान हलवली, समजूत काढल्यासारखी. "व्हय ताय, व्हय," तो म्हणाला. "तसंच आसंल."

मी माझ्या मुलांची शपथ घेतली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि एकीनं तान्हूबाईच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा तान्हूबाईनं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"ताय, तुमचा आवाज वळकीचा हाय," ती म्हणाली. "माजा मालक गेला तवाबी तुमीच म्हनला हुता, बरं न्हाई म्हनून. तवाबी मी हितंच बसले हुते. मला एक सांगा, तुमी आजवर कुनाला मेला म्हनलायसा का?"

एकदाच म्हटलं होतं, आणि ते आता सांगण्यात अर्थ नव्हता. ती रागानं बोलत नव्हती. मी तिच्यावर दया करतेय, असं तिला वाटत होतं, आणि त्या दयेबद्दल ती मला समजून घेत होती. अण्णांनी ज्या मायेनं तो नियम केला होता, ती माया अशी माझ्यासमोर येऊन बसली होती आणि तिच्यापुढं खऱ्याला काही किंमत नव्हती.

ऊन चढत होतं. मी पुन्हा तेच बोलायला लागले तेव्हा मुलाणीनं माझ्या दंडाला धरून मला मागं केलं. तो तान्हूबाईसमोर उकिडवा बसला.

"मावशी, आसू दे," तो म्हणाला. "पर दवाखान्यात आईचा अंगठा लागतुया कागदावर. त्याबिगर ते सोडत न्हाईत. तुमाला यावंच लागंल."

हे मात्र सगळ्यांना पटलं. अंगठ्याशिवाय मयत ताब्यात देत नाहीत, हे वाडीला ठाऊक होतं. मुलाणी एक शब्द खोटं बोलला नव्हता, कारण ऑपरेशनच्या कागदालाही अंगठा लागत होताच. तान्हूबाई गुडघ्यावर हात रेटून उठली. बजाबानं मडकं आणि पांढऱ्या कापडाची घडी उचलून जीपमध्ये ठेवली. मी म्हणाले, हे नको. तो म्हणाला, आसू दे ताय, परत आननं काय अवघड हाय व्हय. माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. मेला समजून का होईना, ती निघाली होती.

मुलाणीनं जीप घाटाला लावली. तान्हूबाई पदराची एक गाठ सारखी चाचपत होती. घाट चढून वर आलो तशी फोनला रेंज आली. मी किसनला लावला. पलीकडं गडबड ऐकू येत होती. मी म्हटलं, आनंदाकडं फोन दे, त्याला बोलायला लाव, काहीही बोलू दे. आणि फोन म्हातारीच्या कानाला धरला.

मला नीट ऐकू आलं नाही. आई, एवढंच दोनदा ऐकू आलं, आणि मग कण्हणं. तान्हूबाईनं डोळे मिटून ऐकलं. मग फोन बाजूला केला.

"आवाज त्याचाच हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, आता तिला पटलं. जीप दोन वळणं उतरली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत पुढं म्हणाली, "पर आवाजाचं काय घिवून बसलायसा. तुमच्या रेडिओवर गेल्याल्या मानसांची गानी रोजच लागत्यात."

आयुष्यभर मी आवाजावर जगले. त्या म्हातारीनं एका वाक्यात त्याचं मोल सांगून टाकलं. मला राग आला नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं.

दवाखान्याच्या दारात किसन उभा होता. तान्हूबाई त्याच्याशी बोलली नाही. तिनं चपला बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा, आणि माझा हात धरून आत आली. खाटेवर आनंदा पडला होता. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले, डोळे मिटलेले, अंगावर गळ्यापर्यंत पांढरी चादर. एक क्षण मलाही शंका आली. म्हातारी त्याच्या तोंडाकडं गेलीच नाही. ती पायथ्याशी गेली, चादर वर केली आणि त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. तशीच उभी राहिली.

"गरम हाय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

आनंदानं डोळे उघडले. "किती उशीर केलास गं," तो कुरकुरला. "सकाळधरनं पानीबी दिलं न्हाई ह्यांनी मला."

तान्हूबाईनं त्याच्या पावलावर जोरात एक चापट मारली. मग आणखी एक. "तुजीच लाकडं रचत हुते, मुडद्या," ती म्हणाली, आणि तिथंच, त्याच्या पायावर डोकं ठेवून, सकाळपासून राहिलेलं सगळं रडून घेतलं. नर्स धावत आली. मुलाणी बाहेर जाऊन जीपमधलं मडकं कुठंतरी फेकून आला. म्हातारीनं पदराची गाठ सोडली तेव्हा त्यात तुळशीचं पान निघालं, मेलेल्याच्या तोंडात घालायला आणलेलं. ते तिनं स्वतःच चावून खाल्लं.

आनंदा वाचला. ऑपरेशनला उशीर झाल्यानं बरेच दिवस काढले त्यानं दवाखान्यात, पण वाचला. त्या दुपारी ऑपरेशन चालू असताना मी तान्हूबाईशेजारी बाकावर बसले होते. ती ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडं बघत होती. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "ताय, हितनं फुडं मेल्याला मेलाच म्हनत जावा. रडू आमी आमचं."

मी हो म्हटलं. खरं तर त्या हो म्हणण्याला काही अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी पुण्याहून पत्र आलं, लिंक तोडल्याबद्दल. ऋत्विकनं सगळं स्वतःवर घेतलं. सांगावा बंद झाला आणि त्या वेळेला राशिभविष्य लागलं. फरसाणवाला तोच राहिला.

नंतर स्टेशन आणखी दोनदा विकलं गेलं. भिंतींचे रंग मी आता मोजत नाही. मी केव्हाच घरी बसलेय, मुलाणीही बसलाय, आणि ज्या टेकडीवर आमचा मनोरा होता तिथं फोन कंपनीचा उभा आहे. चिंचघळच्या फाट्यावर आता बायका व्हिडिओवर नातवंडं बघतात. सांगाव्याची गरज कुणाला उरली नाही, आणि हे चांगलंच झालं, असं मी मनापासून म्हणते. तरीही सकाळी रेडिओ लावायची सवय सुटत नाही. कोण बोलतंय, काय बोलतंय, इकडं लक्ष नसतं. घरात आवाज असावा म्हणून लावते.

गेल्या महिन्यात अशीच पोहे निवडत बसले होते, रेडिओवर कुठलंसं गाणं चालू होतं, आणि आनंदाचा फोन आला. वर्षातून एकदा, दिवाळीला, त्याचा फोन यायचा. दिवाळी तर लांब होती. मी आवाजावरून ओळखलं आणि वाट बघू लागले, की आता हा म्हणेल, ताई, आईला बरं नाही.

"ताई," तो म्हणाला, "आई मेली. आज सकाळी."

मी पोह्यांचं ताट खाली ठेवलं.

"तिनंच सांगून ठेवलं हुतं," तो म्हणाला. "आईला बरं न्हाई म्हनून हेमातायला सांगू नगंस. सरळ सांग. न्हाईतर ती बिचारी जीप घिवून ईल पळत."

जन्मभर मी दुसऱ्यांची मरणं झाकत आले. माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं उघडं मरण. मी फोन ठेवला, उठले, आणि रेडिओ बंद केला.